सरकी, सळई आणि सरहद्द

जालन्याहून देऊळगाव राजाला जायला आज तासभरही लागत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र एवढ्याशा वाटेवर राज्य बदलत असे. जालना निजामाच्या मुलखात, तर देऊळगाव राजा वऱ्हाडात, म्हणजे १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली. दोन्हीकडे बोली एक, सोयरिकी एकमेकांत, काळी माती तीच आणि तिच्यातलं पीकही तेच. पण बैलगाडीत माल भरून हद्द ओलांडायची तर निजामाच्या करोडगिरी खात्याला जकात मोजावी लागे. दर मालाच्या किमतीवर शेकडा पाच.

हा पाचाचा आकडा हैदराबादच्या दरबारात सुचलेला नव्हता. एप्रिल १८०२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं निजामाशी व्यापारी तह केला आणि दोन्ही बाजूंनी येणाऱ्या-जाणाऱ्या मालावरची जकात पाच टक्क्यांना बांधून टाकली. पुढच्याच वर्षी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या रानात आर्थर वेलस्लीनं शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. शाळेच्या पुस्तकात असई येते, तह येत नाही. जालन्याच्या बाजारपेठेवर मात्र तोफांपेक्षा त्या तहाचा परिणाम जास्त काळ टिकला. आपल्या राज्यातल्या विणकरांना आडोसा द्यावा असं निजामाला वाटलं असतं, तरी जकात वाढवण्याची वाट त्या तहानं अडवलेली होती.

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण या भागात अजून लोकांच्या तोंडी आहे. कुंडलिकेच्या काठची ही जुनी पेठ, पलीकडे कादराबाद, धान्य आणि कापसाची उलाढाल, १८२७ नंतर इंग्रजांची छावणी. पेठ श्रीमंत होती ती माल इकडून तिकडे करण्यावर. माल घडवण्याचा धंदा त्या मानानं लहान होता, आणि पुढच्या दोनशे वर्षांत जालन्याचं जे काही बरंवाईट झालं त्यात हा फरक पुन्हा पुन्हा आडवा आला.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. लिंकनच्या आरमारानं दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव काही पटींनी चढले. वऱ्हाड-मराठवाड्याच्या काळ्या रानातला आखूड धाग्याचा कापूस, ज्याला मँचेस्टरचे गिरणीवाले एरवी नाकं मुरडत, तो एकाएकी सोन्याच्या मोलाचा झाला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि त्याबरोबर मुंबईचा शेअरबाजारही. अमेरिकेतल्या घडामोडीनं जालन्याकडच्या शेतकऱ्याचं घर हलण्याची ही पहिली मोठी खेप.

त्या तेजीचा टिकाऊ लाभ झाला तो हद्दीपलीकडे. इंग्रजांना वऱ्हाडचा कापूस लवकर बंदराला न्यायचा होता, म्हणून तिकडे १८६० च्या दशकातच रेल्वे धावली. खामगावच्या कापूसबाजारासाठी तर खास फाटा टाकला आणि १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आला. जालन्याला आगगाडी दिसायला आणखी तीस वर्षं जावी लागली. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास, छप्पन्न्या दुष्काळाच्या वेळेला आली, तीही मीटर गेजची. मनमाडला रुंद रूळ सुरू होत. जालन्याची प्रत्येक गाठ तिथं एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावी लागे. हे हमालीचं ओझं १९९० च्या दशकात रूळ रुंद होईपर्यंत जालन्याच्या मालावर बसलेलंच होतं.

याच वाटेनं परतीला विलायती कापड येई. ब्रिटिश हिंदुस्थानानं १८८२ मध्ये सुती कापडावरचं आयात शुल्क काढून टाकलं. पुढे तिजोरीच्या गरजेपोटी ते परत लावलं, तेव्हा लँकेशायरचं नुकसान नको म्हणून १८९६ मध्ये इथल्या गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी बसवली. ती १९२५ पर्यंत चालली. खुल्या व्यापाराचं नाव घेऊन केलेला हा व्यवहार उघड अन्यायाचा होता. तरी त्याची दुसरी बाजूही लिहायला हवी. गिरणीचं लुगडं हातमागापेक्षा स्वस्त पडे, आणि मजुरी करणाऱ्या बाईला वर्षाकाठी एखादं वस्त्र जास्त परवडू लागलं. एकाच गावात कोष्ट्याचा माग बंद पडला आणि शेतमजुराच्या घरात कापड वाढलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कोष्ट्याला पर्यायी धंदा कुणी दिला नाही, हेही तितकंच खरं.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं. १९५० च्या वित्तीय एकत्रीकरणानंतर करोडगिरीची नाकी टप्प्याटप्प्यानं उठली आणि देऊळगाव राजाची वाट मोकळी झाली. तोवर देशाच्या हद्दीवर दुसरी, कितीतरी उंच भिंत उभी राहत होती. परदेशी मालावर भारी शुल्क, आयातीला परवाना, कारखान्याला परवाना. या भिंतीच्या आतल्या भारतात धान्य मात्र बाहेरून येत होतं. पीएल-४८० कराराखालचा अमेरिकन गहू, आणि १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली ‘मिलो’ ही लाल ज्वारी. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांकडे दुष्काळाचा विषय काढला की सुकडीबरोबर मिलोचं नाव येतंच. अमेरिकेत जनावरांना घालतात ते आपल्या ताटात, ही सल त्या आठवणीत असते.

ही परिस्थिती बदलण्याच्या कामात जालन्याचा वाटा मोठा आहे. बद्रीनारायण बारवाले यांचा जन्म १९३१ चा, हिंगोलीचा. हैदराबाद मुक्तिलढ्यात तरुणपणी उतरलेला हा माणूस पुढे जालन्यात शेतीत रमला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची ‘पुसा सावनी’ ही भेंडीची जात त्यांनी लावली आणि भाजी विकण्याऐवजी बियाणं विकण्यात किती फायदा आहे हे त्यांना उमगलं. १९६४ मध्ये त्यांनी महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, सुरू केली. त्याच वर्षी सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण देशात आला, वर्षभरात बाजरीचा एचबी-१. संकरित वाणाला नर आणि मादी अशा दोन मूळ ओळी लागतात. त्या सरकारी संशोधन केंद्रांतून आणि रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं चाललेल्या कार्यक्रमांतून मिळाल्या. मालाची दारं बंद असण्याच्या त्या काळात ज्ञानाचं दार उघडं राहिलं, आणि जालन्याचा बीजोद्योग त्या दारातून आत आला. ‘स्वदेशी की परदेशी’ असा सरधोपट वाद घालणाऱ्यांनी हे उदाहरण नीट पाहावं. बारवाले यांना १९९८ चा वर्ल्ड फूड प्राइझ मिळाला, २००१ मध्ये पद्मभूषण. २०१७ मध्ये ते गेले.

संकरित बियाणं कसं बनतं हे पाहायला सीड प्लॉटवरच जावं लागतं. कपाशीच्या मादी ओळीतली, दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी आदल्या दुपारी-संध्याकाळी हेरायची. अंगठ्याच्या नखानं पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी गोल सोलून काढायची. आतल्या स्त्रीकेसराला ओरखडा गेला तर कळी वाया. मग खूण करून कळी झाकून ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन तापायच्या आत, नर ओळीतली फुलं तोडून त्यांचा पराग त्या स्त्रीकेसरावर हलक्या हातानं फिरवायचा आणि देठाला दोरा बांधायचा. एक नर फूल चार-पाच कळ्यांना पुरतं. हंगाम चालेल तितके दिवस, दररोज, झाडामागून झाड. हे ‘क्रॉसिंग’चं काम बहुतेक बायकाच करतात. जाफराबाद-भोकरदनच्या पट्ट्यात, आणि हद्दीपलीकडे देऊळगाव राजाकडे, आता शेडनेटमध्ये मिरची, टोमॅटो, काकडीचं बियाणंही असंच हातानं तयार होतं.

जगात संकरित कपाशीची व्यापारी लागवड प्रथम भारतातच झाली. सुरतच्या केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये ‘एच-४’ हा वाण दिला. अमेरिकेचे शास्त्रज्ञ काही मागासलेले नव्हते. तिथल्या मजुरीच्या दरानं एकेक कळी हातानं सोलणं परवडणारं नव्हतं, म्हणून अमेरिकन शेतकरी आजही सरळ वाणच लावतो, दाट पेरतो आणि यंत्रानं वेचतो. म्हणजे जालन्याची स्पर्धेतली ताकद ज्या गोष्टीवर उभी राहिली, ती होती बाईच्या बोटांतलं कौशल्य आणि तिची कमी मजुरी. त्या मजुरीनं हजारो घरांत रोख पैसा आला, मुलींच्या शाळेची फी निघाली. आणि तीच मजुरी वाढली तर धंदा दुसरीकडे जाईल ही टांगती तलवारही कायम राहिली.

१९८८ च्या नव्या बियाणे धोरणानं भाजीपाला आणि फुलांच्या बियाण्यांची आयात खुली केली. परदेशी कंपन्या इथल्या कंपन्यांना गिळतील अशी भीती तेव्हा बोलून दाखवली जात होती. जालन्यात उलट झालं. इथं वीस-पंचवीस वर्षांचं कसब होतं, बियाणं पिकवणारे शेतकरी होते, म्हणून परदेशी कंपन्या भागीदारी मागत जालन्याला आल्या. नेदरलँड्सच्या बेजो झाडेनबरोबरची ‘बेजो शीतल’ ही त्यातलीच. गाजर, कोबीच्या वाणांचं डच ज्ञान जालन्यात मुरलं.

मग आली बीटी कपाशी. १९९६ मध्ये महिकोनं अमेरिकेच्या मोन्सॅन्टोकडून ‘कोकर-३१२’ या वाणाचं अवघं १०० ग्रॅम बियाणं आयात केलं. बोंडअळीला मारणारं जनुक त्यात होतं. ते आपल्या वाणांत उतरवायला पिढ्यान्‌पिढ्या संकर करावे लागले. १९९८ मध्ये मोन्सॅन्टोनं महिकोचा २६ टक्के हिस्सा घेतला. २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या समितीनं मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४ या तीन वाणांना मंजुरी दिली. ४५० ग्रॅमची पिशवी १६०० रुपयांच्या घरात होती आणि त्यातली मोठी रक्कम जनुकाच्या मालकीपोटी जात होती. २००६ मध्ये आंध्र सरकारनं भाव ७५० वर आणायला भाग पाडलं आणि इतर राज्यांतही तो उतरला. २०१६ मध्ये केंद्रानंच किंमत ८०० आणि त्यातलं जनुकमूल्य ४९ रुपये ठरवलं. २०२० मध्ये ते मूल्य शून्यावर आणलं.

देशाचं कापूस उत्पादन २००२-०३ मध्ये १३६ लाख गाठी होतं, २०१३-१४ मध्ये ३९८ लाख. एके काळी कापूस आयात करणारा भारत मोठा निर्यातदार झाला. याचं सगळं श्रेय बीटीला देणं बरोबर नाही. खत, ओलित, नवी कीटकनाशकं यांचाही त्यात हात आहे. पण फवारणीचे पहिले खर्च वाचले आणि जालना, अंबड, घनसावंगीच्या गावांत पक्की घरं, मोटारसायकली, मुलांची इंजिनिअरिंगची फी दिसू लागली ती याच वर्षांत. ते दिवस टिकले नाहीत. गुलाबी बोंडअळीला बीटीची सवय झाली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर बोंडंच्या बोंडं किडली. देशाचं उत्पादन आता ३०० लाख गाठींच्या आसपास घुटमळतं.

भावाचं काय? तो जालन्यात ठरत नव्हता, आणि जगाच्या बाजारातही तो निव्वळ मागणी-पुरवठ्यानं ठरत नव्हता. २००१-०२ मध्ये अमेरिकेनं आपल्या सुमारे २५ हजार कापूस उत्पादकांना जवळपास ३.९ अब्ज डॉलरची मदत दिली. त्या पैशावर पिकलेला कापूस जगात स्वस्तात गेला. ब्राझीलनं जागतिक व्यापार संघटनेत खटला भरला, जिंकला, आणि २०१४ मध्ये अमेरिकेनं ३० कोटी डॉलर देऊन त्याच्याशी तडजोड केली. बदनापूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती त्यातलं काही आलं नाही. इकडे आपलं सरकारही शेतकऱ्याच्या तेजीला मोकळं सोडत नव्हतं. एप्रिल २०१० मध्ये निर्यात रोखली, मार्च २०१२ मध्ये पुन्हा. २०२१-२२ मध्ये क्विंटलला दहा हजारांवर भाव गेला, तेव्हा एप्रिल २०२२ मध्ये आयात शुल्क माफ झालं. भाव पडल्यावर बाजार खुला म्हणायचा आणि चढल्यावर दार लावायचं, हा खुला व्यापारही नव्हे आणि शेतकऱ्याचं संरक्षणही नव्हे.

जालन्याच्या पोलाद उद्योगाची गोष्ट कापसाच्या नेमकी उलट. जुलै १९९१ मध्ये पोलादाचा परवाना गेला, जानेवारी १९९२ मध्ये किंमत आणि वाटपावरचं नियंत्रण. धान्य-कापसाच्या व्यापारात मुरलेल्या घराण्यांनी एमआयडीसीत भट्ट्या आणि रोलिंग मिल टाकल्या. जिल्ह्यात लोहखनिज नाही, कोळसा नाही. कच्चा माल म्हणजे भंगार. देशातलं असतंच, शिवाय न्हावा शेवा बंदरातून कंटेनर भरभरून परदेशी येतं. मोडीत निघालेल्या गाड्या, फ्रीज, पाडलेल्या इमारतींचं लोखंड. इंडक्शन भट्टीत ते सुमारे १६०० अंशांवर वितळतं. टनाला साधारण ६०० युनिट वीज खातं. रस ओतून बिलेट, म्हणजे जाड कांब, करतात, ती लाल तापवून रोलांमधून ओढतात आणि शेवटी सळईवर पाण्याचा मारा करतात. वरचा थर एकदम निवून कडक होतो, गाभा गरम राहून चिवट बनतो. टीएमटी म्हणतात ती हीच सळई.

दुरून आणलेल्या भंगारावर हा धंदा कसा टिकला? सळई जड असते आणि वजनाच्या मानानं स्वस्त. ती परदेशातून आणून मराठवाड्यात विकणं भाड्यातच मार खातं. म्हणजे तयार मालाला अंतराचं संरक्षण आणि कच्च्या मालाला खुली आयात. २०२१ च्या अर्थसंकल्पानं पोलादी भंगारावरचं शुल्कही काढलं. विजेचा दर हेच खरं दुखणं होतं, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना एप्रिल २०१६ पासून मिळालेल्या सवलतीनं भट्ट्यांना श्वास घेता आला. गावोगावच्या घरकुलांच्या स्लॅबमध्ये आज जालन्याची सळई असते.

या भट्ट्यांपुढे उभे राहणारे हात मात्र मोठ्या संख्येनं उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेशातले, कंत्राटी. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीनं चिरडलं. ते मध्य प्रदेशातले होते, जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला होते, आणि टाळेबंदीत काम थांबल्यावर घरी जायची गाडी पकडायला भुसावळकडे रुळांच्या कडेनं चालत निघाले होते. राहणीमानाच्या कुठल्याही हिशेबात ही सोळा माणसं धरायलाच हवीत. उद्योग वाढला, शहर वाढलं. पण ज्यांच्या घामावर वाढलं त्यांच्याकडे महिनाभर बसून खाण्याइतकी शिल्लक नव्हती आणि त्यांना थांबवून घेणारं कुणी नव्हतं.

बाजार जवळ आला की काय होतं, याचा एक छोटा नमुना रेशमाचा आहे. जालन्यातले शेतकरी पूर्वी कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जात. २०१८ मध्ये जालना बाजार समितीत राज्यातली पहिली कोष बाजारपेठ सुरू झाली आणि तो प्रवास वाचला.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिका पुन्हा एकदा जालन्याच्या रानात आली. अमेरिकेनं भारतीय मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि, भारत रशियाकडून तेल घेतो म्हणून, २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के शुल्क लावलं. असं शुल्क आधी भरतो तो अमेरिकेतला आयातदार, आणि त्यातला बराच भार शेवटी तिथल्या गिऱ्हाइकाच्या शर्टावर पडतो. तिथल्या पोलादाचंही तेच: २०१८ चं २५ टक्के शुल्क जून २०२५ मध्ये ५० वर गेलं, भट्टीवाल्यांना आधार मिळाला आणि पोलाद वापरून यंत्रं, डबे, गाड्या बनवणाऱ्या कितीतरी जास्त कामगारांच्या कारखान्यांना कच्चा माल महाग पडला.

भारताच्या कापड निर्यातदारांना सावरायला दिल्लीनं काय केलं? कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून माफ केलं. ते २०२१ मध्ये बसवलेलं होतं. माफी आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती, नंतर ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. गिरण्यांची अडचण खरी होती. पण ती सोडवण्याची किंमत ज्याच्याकडून वसूल झाली तो टेबलावर नव्हता. जालन्यातून गाठी बाहेर जातात, सूत बहुतेक दुसरीकडे कातलं जातं, कापड त्याहून लांब विणलं जातं. इथल्या शेतकऱ्याच्या हाती फक्त कापूस. त्या हंगामाचा हमीभाव लांब धाग्याला ८११० रुपये होता. तो मिळवायचा तर भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) ‘कपास किसान’ अॅपवर नोंदणी आणि कापसातला ओलावा बारा टक्क्यांच्या आत. सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं मराठवाड्यातली बोंडं काळी पडलेली. दिवाळीच्या तोंडावर दुकानदाराची उधारी आणि मजुरांची वेचणी द्यायची असते, तेव्हा सरकारी केंद्र उघडण्याची वाट कोण पाहणार? पहिल्या वेचणीचा ओला कापूस हमीभावाच्या खाली खाजगी व्यापाऱ्याच्या काट्यावर गेला, आणि शुल्कमाफीची मुदत संपली तोवर अनेकांच्या घरात विकायला फारसं उरलं नव्हतं.